दोन दारांच्या दोन गाड्या

गेल्या दसऱ्याला माझ्या अंगणात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्हींना दोनच दारं. दोन्हींची पाठ मागं उतरती, घावन तव्यावर कडेला पातळ होत जावा तशी. एक माझी जुनी, करवंदाच्या रंगाची. दुसरी माझ्या लेकीच्या मुलाची, बेंगळूरहून आलेली, खंड्या पाखराच्या पंखासारखी निळी. बघायला सगळी वाडी लोटली आणि ज्यानं त्यानं मला एकच विचारलं, "ह्यातली चांगली कुठली वं?" दारात उभ्या उभ्या सांगून संपण्यासारखं ते उत्तर नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. मी चौथी नापास माणूस. कन्नड पाट्या वाचत लॉरी चालवली आणि मराठी अक्षर मागनं जुळवलं. तेव्हा शुद्धलेखन बघू नका. गाडीतलं मात्र मला कुणी शिकवू नये.

माझी गाडी आधी सावकाराची होती. जोयड्याच्या जंगलात लाकूडतोड चालायची तेव्हा मी त्याची लॉरी चालवायचो आणि तो ह्या गाडीतनं डेपोवर यायचा. विलायती गाडी. सावकार एकटा बसायचा, शेजारी त्याची टोपी. मागं नावाला एक बाक, त्यावर माणूस कधी बसलेला मी पाहिला नाही. लाकूडतोड बंद झाली तसा सावकार बेळगावला गेला आणि गाडी फणसाच्या झाडाखाली राहिली. कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या. एकदा तो सामान न्यायला आला तेव्हा मी म्हटलं, "सावकार, ही अशी मरायला टाकू नका." तो हसला. म्हणाला, "चालू करून दाखीव, मग तुझीच." त्याला वाटलं असणार, हे काय होणार. पुढचा पावसाळा सरायच्या आत मी ती चालू केली आणि त्याच्या बेळगावच्या दारात नेऊन हॉर्न वाजवला. तो शब्दाचा माणूस. कागद करून दिला.

आमच्याकडच्या पावसात लोखंड टिकवणं म्हणजे म्हातारपणी दात टिकवण्यासारखं. चपलेवर बुरशी येते, तिथं गाडीचं काय? मी तिला गवताच्या छपरात फळ्यांवर ठेवतो. चारी बाजूंनी भाताच्या कोंड्याची पोती लावतो, ती ओल पितात. आतल्या सीटमध्ये काथ्या मीच भरला. एक दार मूळचं, एक हुबळीच्या भंगारातलं, पण कुठलं कुठलं ते आजवर कुणाला ओळखता आलेलं नाही.

ही गाडी आमच्या घरात एका कामासाठी ठरलेली. बायकोचं माहेर अणशीला. दरवर्षी दसऱ्याला तिथं गावदेवीची ओटी भरायला ती जाते, आणि तिला नेतो मी. लग्नात तिच्या भावानं मला टोमणा मारला होता, "भैण दिली लॉरीवाल्याला, माहेरपणाला लाकडाच्या ओंडक्यावर बसून येणार." तो ओंडका मी विसरलो नाही. गाडी चालू झाली त्या दसऱ्याला तिला शेजारी बसवून मी मेव्हण्याच्या अंगणात नेऊन उतरवली. तेव्हापासून हा नेम.

गेल्या वर्षी त्या नेमात खोडा आला. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टर म्हणाला, काढून घ्या. मी म्हटलं, दिसतंय मला. माझ्या लेकीनं घरच्या तारेच्या फोनवर सांगितलं, "बाबा, डोळं करून घ्या, न्हाईतर ह्या वर्षी आईला घिऊन गाडी काढायची न्हाई. मी पोराला पाठवतीया, त्यो न्हील."

"माझ्या बायकोला तिच्या माहेरी तुझा पोरगा न्हील?"

"व्हय. त्यो तिचा नातू हाय, कुणी परका न्हवं."

मी फोन ठेवला. बायकोला म्हटलं, "तू माझ्या गाडीतनंच जायचं." ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अवं, काल तुमी मांजर समजून नारळाची शेंडी हाकललीसा."

नारळ होता खरा. पण संध्याकाळची वेळ होती.

नातू खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आला. तिशीला आलेला पोरगा, बेंगळुरात कसलीशी मोठी नोकरी. गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज आला, खालच्या वळणावर वाघ घसा साफ करतोय असा. माझ्या अंगणाच्या तोंडाला पाण्याचा चर आहे. गाडी जमिनीला इतकी टेकलेली की तिच्याखालनं घूसही गेली नसती. मी ओरडलो, "थांब रं, फळ्या टाकतो!" तर त्यानं आत कुठलं बटण दाबलं आणि गाडीनं नाकाड वर उचललं. म्हशीनं चिखलातनं तोंड उचलावं तसं, सावकाश, ऐटीत. चर ओलांडला आणि नाकाड परत खाली.

लॉरीच्या जमान्यात चर आला की आम्ही उतरून दगड भरायचो. आणि ही स्वतःच गुडघ्यावर उठते.

"कशी हाय, आज्जा?"

"बरी हाय," मी म्हटलं. एवढ्यात जास्त बोलून चाललं नसतं.

मग तो मला गणेशगुडीच्या रस्त्यानं धरणापर्यंत घेऊन गेला. आत बसणं म्हणजे विहिरीत उतरणं. पण एकदा बसलं की सीट दोन्ही बरगड्यांना अशी धरते की कुस्तीतल्या पैलवानानं प्रेमानं मिठी मारावी. सरळ रस्ता आला, मागं-पुढं कुणी नव्हतं, तसं त्यानं पाय दाबला. पोटातलं पाठीला लागलं. माझी टोपी मागच्या काचेवर जाऊन बसली. लगेच त्यानं ब्रेक मारला तर टोपी परत मांडीवर. इतक्या वेगातनं इतक्या थोडक्या जागेत, आणि तेही एका रेषेत उभी राहणारी गाडी मी जन्मात पाहिली नव्हती. वळणावर तर ती कललीच नाही. माझी वळणावर अशी झुकते की शेजारचा माणूस मांडीवर येतो. लग्न झाल्या झाल्या मिळायला हवी होती, असं मी नेहमी म्हणतो.

नातवानं सगळं दाखवलं. मागं घेताना मागचं चित्र समोर येतं. पुढच्या गाडीच्या जवळ गेलं की ही आपणच वेग कमी करते. आपण लेन सोडली की स्टेअरिंग हातात कुरकुरतं.

"म्हणजे हिचा तुझ्यावर इश्वास न्हाई," मी म्हटलं.

"न्हाई, आज्जा. हिचा कुणावरच न्हाई."

मी हसलो. तेवढं मात्र मला आवडलं नाही. माझ्या गाडीचं तसं नसतं. सकाळी चोकची मूठ ओढायची, किती ओढायची ते हवेतल्या गारव्यावर ठरवायचं. मग ती दोनदा खोकते, तिसऱ्या खोकल्याला धरते. स्टेअरिंग लाकडाचं आणि बोटाएवढं बारीक, त्यातनं रस्त्यावरची खडी कुठं ओली आहे नि कुठं कोरडी ते तळहाताला कळतं. दार लावलं की कोठाराचं झाकण बसल्यासारखा भरीव आवाज येतो. बॉनेट उघडलं की सगळं समोर, ज्याला हात लावावासा वाटेल त्याला लावावा. नातवाच्या गाडीचं बॉनेट उघडून मी बघितलं तर आत एक काळं झाकण. झाकणाखाली काय ते त्यालाही ठाऊक नाही. सोवळ्यातल्या देवघरासारखं, लांबनंच पाया पडायचं. पण त्या झाकणाखालनं जो आवाज येत होता, त्याला मी खरोखर हात जोडले. मशीन ज्यानं केलं असेल तो माणूस मोठा. खोटं का बोलू?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी कोयता, कुदळ, पहार, गाडी, सगळं धुऊन पुसून पूजेला लागतं आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्याला विसावा. मी दोन्ही गाड्या धुतल्या. नातू वर टेकाडावर गेला होता, आमच्याकडं मोबाइलला तिथंच रेंज. बायको हळद-कुंकवाचं ताट घेऊन आली. आधी माझ्या गाडीला टिळा लावला, जाळीच्या मधोमध, दरवर्षी तिथंच लावते. मग निळीसमोर उभी राहिली.

"हिचं कपाळ कुठं हाय वं?"

मलाही कळेना. जाळी खाली रस्त्याला लागलेली, दिवे दोन्हीकडं ओढलेल्या डोळ्यांसारखे. बरोबर मधोमध मात्र तळहाताएवढी एक काळी गुळगुळीत फळी होती, आरशासारखी.

"हे काय, टिळ्यालाच जागा सोडलीया," मी म्हटलं.

तिनं ओली हळद हाताच्या चार बोटांनी भरपूर लावली. नातवाची गाडी, पहिली पूजा, हात कशाला आखडायचा? त्यावर कुंकू. वर काचेच्या खाली एक बारकं गोल भिंग होतं, त्यालाही बोट लावलं. मग मी झेंडूची माळ अशी जाड बांधली की नाक सगळं झाकून गेलं. लिंबू चाकाखाली, कोहळा रस्त्यावर. नातू परत आला आणि म्हणाला, "वा आज्जी, नवरी दिसतीया." फोटो काढले. माळेखालची हळद त्याला दिसलीच नाही.

दसऱ्याच्या सकाळी बायको नवं लुगडं नेसून, ओटीचं ताट हातात घेऊन बाहेर आली आणि दोन गाड्यांच्या मध्ये थांबली. मी माझ्या गाडीचं दार उघडून उभा होतो. नातवानं त्याचं उघडलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "लेकीला शब्द दिलाय मी," आणि निळीकडं गेली.

आत बसताना तिला सीट इतकी खाली मिळाली की ताटच आधी बसलं आणि ती मागनं. "अगं बाई, हिला तळच न्हाई व्हय रं?"

मी माझी गाडी चालू केली. नातू काच खाली करून म्हणाला, "आज्जा, तुमी कुठं?"

"तुझ्या आज्जीला न्यायचं न्हाई म्हणालीया लेक. एकट्यानं जायचं न्हाई, असं कोण म्हणालं?"

"बरं. मग माझ्या मागनं सावकाश या."

"मागनं! रस्ता तुझ्या जन्माआधीचा माझा हाय." पण मागनंच गेलो. तो अंगणातनं बाहेर पडतानाच त्याची गाडी टीं टीं करत होती. त्याला वाटलं, बघायला जमलेली माणसं आणि कोंबड्या आडव्या येतात म्हणून.

जोयडा मागं पडला. कुंभारवाड्याकडचा रस्ता दोन्ही बाजूंनी झाडांत जातो. सकाळचं ऊन पानांतनं रस्त्यावर सांडलेलं, काळं-पांढरं, काळं-पांढरं. पूर्वी मला ते ऊन फार आवडायचं. त्या दिवशी ते डोळ्यांत पिठासारखं उडत होतं. पण समोर निळी गाडी होती, मागनं बघायला अशी देखणी की नजर हलत नव्हती, आणि माझी करवंदी खालच्या गियरमध्ये गुरगुरत खूश होती. मला वाटलं, बायको पुढच्या गाडीत का असेना, जत्रा तर माझीच चाललीय.

एका वळणाच्या तोंडाला निळी गाडी काही नसताना एकदम उभी राहिली.

तिचे मागचे लाल दिवे लागले असणार. मला ते दिसले नाहीत. मला उन्हाचा एक पांढरा पट्टा दिसला, आणि त्या पट्ट्यातनं एकाएकी निळा रंग माझ्या काचेएवढा मोठा झाला. मी ब्रेकवर उभाच राहिलो. माझ्या गाडीला ब्रेक आधी एकदा हलका दाबून मग पुरता दाबावा लागतो. त्या दिवशी तिनं पहिल्या दाबालाच ऐकलं. चाकं किंचाळली, रबराचा वास आला, आणि ती थांबली. मी उतरून पुढं गेलो. दोन गाड्यांच्या मध्ये बसायचा एक पाट उभा राहिला असता, दोन नव्हे. त्या पलीकडच्या काचेत बायकोचा अंबाडा दिसत होता, त्यात आबोलीचा गजरा.

ती आत नातवाशी भांडत होती. तिला काहीच कळलं नव्हतं.

"असं गचकन थांबवत्यात व्हय रं? नारळ पडला माझा!"

"मी न्हाई थांबवली, आज्जी. तिनंच थांबवली." नातू घामानं भिजला होता. समोरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली होती. मी विचारलं, काय म्हणतीया? त्यानं वाचून मराठीत सांगितलं, "म्हणतीया, पुढचं दिसत न्हाई. पुसून घ्या."

मग तो उतरला, माळ वर उचलली आणि कपाळाला हात लावला. "आज्जी! हितं हळद कुणी थापली? हा तिचा डोळा हाय!"

"डोळा? तुझा आज्जा म्हणाला कपाळ हाय!"

दोघं माझ्याकडं बघू लागली. मी म्हटलं, "मधोमध हाय म्हटल्यावर मला काय ठावं? आमच्यात मधोमध टिळाच लावत्यात."

नातवानं गाडीतनं मऊ फडकं काढलं. तसं बायकोनं त्याचा हात धरला. "पुसायचं न्हाई! पूजलेल्या हत्याराचं कुंकू दसऱ्याला हातानं पुसू नये. कामात झिजंल तवा झिजंल."

"अगं आज्जी, दिसत न्हाई म्हणतीया ती!"

"माझ्या कुंकवाचं नाव कशाला घेतीया? कालपतूर दिसत हुतं न्हवं?"

"आज्जा, तुमीच सांगा आता," नातू म्हणाला. "तुमचं ऐकंल ती."

दोघं थांबली. रस्त्यावर कुणी नव्हतं, झाडांत हळद्या पक्षी ओरडत होता. मी पुसायला सांगितलं असतं तर बायकोनं कुरकुर करून ऐकलं असतं. ती निळीत बसली असती आणि मी मागनं एकटा. पुसू नको म्हणालो तर निळी फार पुढं जाणार नव्हती, तिला कुंभारवाड्याला ठेवून बायको माझ्या गाडीत येणार होती. चार दिवस मला हेच तर हवं होतं. देवीनं ताटात वाढून दिलं होतं.

मी निळीच्या पडद्याकडं बघत होतो. एवढी मोठी गाडी, वाऱ्याला मागं टाकणारी, घाटातल्या वळणाला न वाकणारी. आणि डोळ्यावर हळद आल्या आल्या कबूल करते, मला दिसत नाही. लाज नाही, हट्ट नाही. रस्त्याच्या मधोमध उभी राहते आणि बायामाणसांच्या शिव्या खाते. माझी गाडी असं कधी म्हणणार नाही. ती इमानी आहे. मी न्यावं तिथं ती जाते, मी आंधळा असलो तरी जाते. आजवर मी हाच तिचा मोठेपणा मानला. अजून मानतो. पण हा मोठेपणा चालवणाऱ्याच्या डोळ्यावर उभा आहे, हे मला त्या वळणावर कळलं. गाडी म्हणून विचाराल तर दोन्ही थोर. जुनी माणसाला मोठा समजते, नवी माणसाला ओळखते.

"पुसू नगं," मी म्हटलं. "रीत ती रीत. कुंभारवाड्यापतूर रेंगाळत जाऊ, तिथं चहाच्या हाटेलामागं तुझी लाव. माघारी येताना सांज हुईल, मग पूस."

बायकोचा चेहरा फुलला. ती नारळ उचलून माझ्या गाडीकडं निघालीसुद्धा. "चला, लेकीला काय सांगायचं ते मी सांगीन," म्हणाली. हॉटेलापर्यंत मात्र मी तिला निळीतच बसायला लावलं.

चहाच्या हॉटेलामागं निळी लागली. बायको माझ्या शेजारच्या जागेवर जाऊन बसली, पदर सारखा केला. मी किल्ली काढली आणि नातवाच्या हातात दिली.

"हे काय?"

"चालीव."

"मी? ही? आज्जा, तुमी कुणाला हात लावू दिला न्हाई हिला. बाबास्नीबी न्हाई."

"तुझ्या बापाला क्लचचा पाय न्हाई. बस."

बायको माझ्याकडं बघत राहिली. मी सीट पुढं सारून मागच्या बाकावर शिरलो. गुडघे हनुवटीला लागले, डोकं छताला. सावकाराच्या टोपीलासुद्धा ही जागा नको झाली असती.

नातवानं पहिल्याच गियरला असा करकराट केला की चहावाला बाहेर आला. "पुरता दाब क्लच!" मी मागनं ओरडलो. "ती काय फोन हाय, नुस्ता बोट लावायला?" दुसरा गियर बरा पडला. तिसरा लोण्यासारखा. दोन वळणं गेल्यावर त्याचे खांदे सैल झाले, आणि तो हसायला लागला, उगीचच, लहानपणी हसायचा तसा.

"आज्जा, हिला काय मस्त कळतंय रस्त्याचं! अंगात येतंय सगळं!"

"मग? चढ आला, आता आदी खाली टाक गियर, मग चढ. मागनं न्हाई, आदी."

असं अणशीपर्यंत मी त्याला बोलत गेलो आणि तो चालवत गेला. चांगली चालवली. आता लिहितोय म्हणून सांगतो, त्याच्या तोंडावर सांगितलेलं नाही.

मेव्हणा दारातच होता. त्याचंही वय झालं, पण जिभेला गंज नाही. गाडीतनं आधी नातू उतरला, मग बायको, आणि शेवटी मी, पाठमोरा, खेकड्यासारखा. तो मोठ्यानं म्हणाला, "दाजी! आज मागच्या बाकावर? डायवर ठेवलासा व्हय?"

अंगणभर पाव्हणे होते. सगळे बघत होते. मी कंबर सरळ केली.

"व्हय, ठेवलाय. डोळ्यांचं आपरेशन हुईपतूर त्योच चालवंल. मग मी हायच."

बायको ताट घेऊन देवळाकडं निघाली होती. ती वळली.

"कवा करणार?"

"दिवाळी झाली की."

"कुठली दिवाळी?"

पाव्हणे हसले. मेव्हणा तर खांबाला धरून हसला. माझा कान तापला, पण शब्द बाहेर पडला होता, आणि तो हिच्या भावाच्या अंगणात, त्याच्या सगळ्या सोयऱ्यांपुढं पडला होता. तिथं दिलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही.

"हीच," मी म्हटलं. "ही येणारी."

तिनं मान हलवली आणि ओटी भरायला गेली.